बगळ्याच्या छातीखालचे घर

पिंपळझरी खाण-वसाहतीच्या छपरांवर रंगवलेल्या बगळ्याचा जो भाग सर्वांत पांढरा दिसत होता, तोच सर्वांत जास्त तापत होता.

मे महिन्यातल्या एका दुपारी हवा सत्तेचाळीस अंशांवर असताना बगळ्याच्या पंखांचे तापमान बेचाळीस होते, मानेचे बेचाळीस, शेपटीचे त्रेचाळीस. छातीतला एक चौकोन मात्र बावन्न अंशांवर होता. हा चौकोन म्हणजे झाडे कुटुंबाच्या घराचे छप्पर. लेप सगळीकडे एकाच खेपेतला होता आणि रंगवणारी टोळीही एकच होती. समोरच्या टेकडीवर उभे राहून पाहिले तर तो चौकोन उरलेल्या पक्ष्यापेक्षा किंचित उजळच दिसे.

टेकडी खरी नव्हती. कोळसा काढताना वर येणारी माती तीस वर्षे एका जागी टाकली गेली, तिची ती उंची होती. खाण बंद झाली, माती राहिली, आणि तिच्या पायथ्याशी सिमेंटच्या पत्र्यांची बैठी घरे राहिली. उन्हाळ्यात या पत्र्यांवर पाणी शिंपडले तर ते वाळताना आवाज करी. दुपारी बारा ते पाच घरगुती वीज बंद ठेवण्याचा नियम आता दर उन्हाळ्याचा झाला होता. त्यामुळे कूलर असला तरी त्याचा उपयोग ज्या वेळी व्हायचा त्या वेळी होत नसे.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेने तयार केलेला शीतलेप अशा ठिकाणांसाठीच होता.

शीतलेपात जादू नाही. प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर टाकत असते. त्यांतले बरेचसे हवेतली वाफ आणि कर्बवायू शोषून घेतात व पुन्हा खाली पाठवतात. पण एका अरुंद पट्ट्यातल्या लहरींना हवा अडवत नाही. त्या वातावरण ओलांडून थेट अवकाशात जातात, आणि अवकाश अतिशय थंड आहे. छपराने आपली उष्णता या खिडकीतून बाहेर टाकली आणि त्याच वेळी ऊन जवळजवळ सगळे परतवले, तर भर दुपारीही ते भोवतालच्या हवेपेक्षा थंड राहते. त्याला वीज लागत नाही, पाणी लागत नाही. अडचण एवढीच की फरकाला जागा फार थोडी आहे. दुपारचे ऊन चौरस मीटरवर साडेनऊशे वॅट ओतते; कोरड्या हवेत त्या खिडकीतून बाहेर जातात सुमारे ऐंशी. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव भाग ऊन परतवणारे छप्पर थंड राहील आणि नव्वद भाग परतवणारे तापेल. सत्त्याण्णव भाग परतवण्याचे काम बेरियम सल्फेटचे लहानमोठे कण आणि त्या कणांच्या मधे राहिलेल्या हवेच्या सूक्ष्म पोकळ्या मिळून करतात. रंगीत लेपाला ते जमत नाही. काळ्या लेपाखालचे घर म्हणजे तवा.

नुसते पांढरे छप्पर लोक दोन वर्षांत विसरतात, त्यावर टायर आणि भंगार टाकतात. चित्र असले तर ते स्वच्छ ठेवतात, असा प्रयोगशाळेचा अनुभव होता. म्हणून चित्र. आणि जास्तीत जास्त घरांवर पांढरा यावा म्हणून बगळा. सव्वीस घरांच्या छपरांवर पसरलेला, टेकडीवरून पाहायचा.

बगळा सुचला तो निशांत झाडे याला.

निशांत सत्तावीस वर्षांचा होता. बॅटऱ्यांच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्याची छाती, पाठ आणि दोन्ही हात भाजले. त्वचारोपण झाले, तो जगला. पण रोपण केलेल्या त्वचेत घर्मग्रंथी नसतात. त्याच्या निम्म्या अंगाला घाम येत नसे; म्हणजे शरीर थंड ठेवण्याची निम्मी यंत्रणा कायमची बंद होती. ओले फडके गुंडाळून ही उणीव बरीच भरून काढता येते, पण त्याच्या जखमांना दोनदा जंतुसंसर्ग झाला होता आणि ड्रेसिंगला पाणी लागू देण्यास सक्त मनाई होती. खोली अडतीस अंशांच्या खाली ठेवा, असे डॉक्टरांनी सांगितले होते. कशी, हे सांगितले नव्हते.

त्याची थोरली बहीण प्राची ट्रकांचे क्रमांक, शाळांच्या भिंती आणि अजून विजेच्या पडद्यांवर न गेलेल्या दुकानांच्या पाट्या रंगवी. छपरांच्या कामासाठी तिने वसाहतीतल्या चौदा जणांची टोळी बांधली. तिच्या दृष्टीने चित्राला दुय्यम महत्त्व होते. निशांतची खोली अडतीसच्या खाली आणायची होती, आणि ती आणण्याचा दुसरा मार्ग तिला माहीत नव्हता.

आराखड्याची बैठक बंद पडलेल्या पंपघराच्या ओट्यावर झाली. बगळ्याचा डोळा टेकडीवरून दिसायचा तर दोन मीटर रुंदीचा काळा गोल हवा होता, आणि तो झाडेंच्या शेजारी राहणाऱ्या देवराव बावणे यांच्या घरावर येत होता. देवराव खाणीतून निवृत्त झालेले, पासष्टीचे. घरात ते आणि त्यांची बायको.

"पक्षी तुमचा आन् डोळा माह्या डोक्यावर," देवराव म्हणाले. "वा! म्हातारं भाजून काढा."

"काका, डोळ्याशिवाय बगळा ओळखू कसा येईन?" प्राचीने विचारले.

"मग आंधळा काढ. वसाहतीत आंधळे काय कमी आहेत?"

लोक हसले. प्राची हसली नाही. सकाळपासून ती एकेका घराची समजूत घालत होती. "सगळेच म्हणतेत माह्यावर नको. मग चित्र काय हवेत काढू? तुम्ही तर दोघंच राह्यता. थोडं सोसलं तर काय होते?"

"दोघंच राह्यतो म्हणून माणसात नाही का आम्ही?" देवराव उठले आणि चप्पल घालून निघून गेले.

ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून निशांतचा आवाज आला. तो घरातल्या खाटेवरून बैठक ऐकत होता. "ताई, घर वळवता येत नाही. बगळ्याची मान वळवता येते."

त्याने मान वळवली. डोके पंपघरावर आले, डोळाही. तिथे कोणी राहत नव्हते. देवरावांच्या घरावर छातीचा पांढरा आला, झाडेंच्याप्रमाणेच. प्रश्न सुटला, बोललेले शब्द तेवढे राहिले. प्राचीने त्यांची माफी मागायची ठरवले होते आणि कामाच्या घाईत ते राहून गेले.

छपरांवर चित्र काढण्यातली मुख्य गैरसोय ही की काढणाऱ्याला ते दिसत नाही. पायाखाली पत्रा असतो, हातात रोलर, आणि पंखाची कड म्हणजे गेरूत बुडवलेल्या सुतळीने मारलेली एक रेघ. चित्र पूर्ण दिसे ते टेकडीवर बसवलेल्या कॅमेऱ्याला, आणि कॅमेऱ्यातून निशांतला. पहाटे पत्रे थंड असताना काम चाले. प्राचीच्या कमरेला लावलेल्या स्पीकरमधून त्याचा आवाज सगळ्या रांगेला ऐकू जाई.

"ताई, सुभाषभाऊ पंखाच्या भाईर गेला. एक पीस उडून राहिलं."

"कुठी? मी तर रेघेवर आहो!" सुभाषभाऊ ओरडे.

"भाऊ, ती रेघ शेपटीची आहे. तुम्ही घर चुकले."

"तू खाटेवर पडून मुकादमी करतं बे!"

"मग या, खाट बदलू. ड्रेसिंगही देतो संग."

निशांत आगीनंतर इतका बोलत नव्हता. त्याची आई बेबीताई रोलर घेऊन टोळीत होत्या; मुलाचा आवाज स्पीकरमधून आला की त्या काम थांबवून ऐकत. प्रयोगशाळेचे डॉ. इक्बाल काझी पहिल्या दिवशी येऊन सगळ्यांना शिकवून गेले होते: दोन हात द्यायचे, लेप ढवळायचा, पातळ करायचा नाही, त्यात पाणी, रॉकेल, रंग काहीही घालायचे नाही. ते तीनदा सांगून झाल्यावर सुभाषभाऊंनी विचारले, "आन् तंबाखू?" काझी म्हणाले, "तोंडात चालेल."

झाडेंच्या छपरावर शेवटचा हात बेबीताईंनी दिला. त्या सकाळी प्राची पलीकडच्या रांगेत शेपटीवर होती. देवराव टोळीत नव्हते, गुडघ्यांमुळे त्यांना चढवत नसे. पण मान वळल्यापासून ते रोज येत आणि खाली उभे राहून डबे शिडीवरून वर देत. त्या दिवशीही देत होते.

बगळा पुरा झाल्यावर एका आठवड्याने उष्णतेची लाट आली.

पहिल्याच दुपारी वसाहतीत आश्चर्य आणि समाधान होते. रात्री गार झालेल्या भिंती आणि फरशी दिवसा वरून तापेनाशा झाल्या; बाहेर सत्तेचाळीस आणि घरात सदतीस, हे कोणी पाहिले नव्हते. म्हाताऱ्यांना रंगवलेल्या घरांत आणून निजवले गेले. झाडेंच्या घरात मात्र चव्वेचाळीस होते. प्राचीने आधी तापमापक बदलला, मग देवरावांच्या ओट्यावर नेऊन पाहिला, मग छपरावर चढून पत्र्याला तळवा लावला आणि उचलला.

काझी दुसऱ्या दिवशी नागपूरहून आले. त्यांनी परावर्तनमापक एकेका छपराला टेकवत नेला. सत्त्याण्णव, सत्त्याण्णव, शहाण्णव. झाडेंच्या छपरावर शहाऐंशी. ज्या पिंपातून सगळ्यांचे डबे भरले त्याच्या तळाशी वाटीभर लेप उरला होता. तो फळकुटावर लावून वाळवला, तर सत्त्याण्णव.

"लेपात दोष नाही," ते खाली उतरून म्हणाले. "पिंपातून छपरापर्यंत जाताना त्यात काहीतरी मिसळलं गेलंय. आणि फक्त वरच्या हातात. खालचा हात ठीक आहे."

"कोणी मिसळलं?"

"ते यंत्र सांगत नाही." त्यांनी वरच्या थराचे खरवडून घेतलेले तुकडे पाकिटात घातले. "प्राचीताई, हे तपासून मी काय ते कळवतो. तोपर्यंत कुणाचं नाव घेऊ नका. आत्ता आपल्याला फक्त परिणाम माहीत आहे."

"यावर आताच दुसरा हात नाही देता येणार?"

"लेप संपलाय. नवी खेप यायला दहा दिवस. मी उद्याच मागणी टाकतो."

निशांतच्या अंगात त्या संध्याकाळी एकोणचाळीस ताप होता.

प्राचीने टोळीतल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: रंगात काही घातलं का? प्रत्येकाने नाही म्हटले. आईला विचारले, तीही नाही म्हणाली. मग उरला तो टोळीत नसलेला एक माणूस, ज्याच्या हातून त्या दिवशी डबे वर गेले होते. प्राचीने हे नाव मनातल्या मनात घेतले तेव्हा तिला बैठकीतले वाक्य आठवले: दोघंच राह्यतो म्हणून माणसात नाही का आम्ही. पुरावा तेवढाच होता. ज्याला काहीही नसण्यापेक्षा काहीतरी हवे असते त्याला तो पुरतो.

योगायोग असा की देवराव त्याच वेळी दारात आले.

"प्राची, पोराले माह्याकडे आण," ते म्हणाले. "सदतीस आहे घरात. आम्ही दोघंच. समोरची खोली त्याले देतो."

या देण्याला अर्थ होता. छप्पर उष्णता बाहेर टाकते तीही ठरावीक वेगाने. एका घराचे छप्पर फार तर दहा माणसांच्या अंगची उष्णता पेलते. बाकीच्या थंड घरांत म्हातारे आणि तान्ही मुले मिळून तेवढे लोक आधीच झाले होते. जागा असलेले एकच घर उरले होते.

बेबीताई आतून बाहेर आल्या. "आताच काहून दया आली, देवराव?"

"म्हणजे?"

"काका," प्राची म्हणाली, "त्या दिवशी डबे तुमच्या हातून वर गेले."

"गेले. मग?"

"मग काय घातलं त्यात, तेवढं सांगून द्या. मी कोणाले सांगणार नाही. काय घातलं ते समजलं तर काझीसर उपाय तरी करतीन."

"डोळा माह्यावर काढत होते म्हणून मी तुह्या भावाले भाजीन? असं म्हणणं आहे तुमचं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"नाही म्हटलं. पण रांग आयकून राहिली."

रांग खरोखरच ऐकत होती. बेबीताई मोठ्याने रडू लागल्या आणि देवरावांना चोर म्हणाल्या. त्याला कोणी विरोध केला नाही. आपापल्या घरात थंड बसलेल्या माणसांना एक गुन्हेगार सापडणे सोयीचे होते; ते नसते तर एका घरी एक आजारी माणूस जास्त का घेता येत नाही, हा प्रश्न उरला असता. सकाळी देवरावांच्या दारावर कोळशाने काढलेला काळा गोल होता, दोन हात रुंद. तो काढणाऱ्याचा हात बऱ्यापैकी सरावलेला होता.

देवरावांनी तो पुसला नाही. कुलूप लावले आणि बायकोला घेऊन मुलीच्या गावी गेले.

"काकांनी नाही केलं, ताई," निशांत म्हणाला. त्याचे ओठ सुकलेले होते. "मी कॅमेऱ्यात पाहत होतो ना. ते डबा देत आन् ओट्यावर बसत. झाकण उघडताना नाही दिसले कधी."

"दिसले नाही म्हणजे लपून उघडलं असन."

"हे तुह्यावालं भारी आहे. दिसले असते तरी त्यांनीच केलं, नाही दिसले तरी त्यांनीच केलं."

"तू बोलू नको. पाणी पी."

"त्यांच्या घरी टीव्हीही मोठा होता," निशांत म्हणाला आणि डोळे मिटले.

ताप चढल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तो चाळीस अंश चार होता. प्राचीने रुग्णवाहिकेला फोन केला. जिल्ह्याच्या इस्पितळातला उष्माघाताच्या रुग्णांचा शीत-कक्ष भरलेला होता. तिथल्या बाईंनी पत्ता लिहून घेतला, कपाळ आणि पाय पुसत राहा म्हणून सांगितले, खाट रिकामी झाली की गाडी पाठवते म्हणाल्या. त्यांचा आवाज दिवसभर हेच सांगून घोगरा झाला होता. बेबीताई पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. चव्वेचाळीस अंशांच्या हवेने वारा घालणे म्हणजे अंगावर उष्णता ढकलणे, हे प्राचीला कळत होते. पण आईच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला तर त्या हातांना दुसरे काय द्यायचे, ते तिला सुचले नाही.

निशांत बोलू लागला. त्याला घरातले कोणी दिसत नव्हते.

"सुभाषभाऊ, डावीकडे घ्या... पंख भाईर चालला. ताई, इथी पांढरं कमी आहे. इथी आण. पांढरं आण ना ताई."

प्राची उठली. दाराआड ठेवलेली पहार तिने घेतली.

"कुठी चालली?" बेबीताईंनी विचारले.

"बाजूले."

"त्याच्या घरी? नको. ज्यानं हे केलं त्याच्या घरी माह्या पोराले नको नेऊ."

"आई, सरक."

"लोक काय म्हणतीन? कालपर्यंत चोर म्हणत होतो आन् आज त्याचंच कुलूप—"

"सरक म्हटलं ना!"

कुलूप तुटले नाही. कडी चौकटीतून उखडली. कोळशाचा गोल मधोमध चिरला. आत छत्तीस अंश होते. प्राचीच्या अंगावर इतका गारवा आला की ती क्षणभर उंबऱ्यातच थांबली आणि त्या क्षणाचा तिला राग आला. समोरच्या खोलीत पलंग भिंतीपासून ओढून मध्यभागी आणलेला होता, जिथे छप्पर सर्वांत उंच आणि खोली सर्वांत गार. त्यावर घडी न मोडलेली चादर होती. उशाशी स्टूल, स्टुलावर झाकलेले पाणी. देवराव निशांतला न्यायला येण्यापूर्वी हे करून आले होते, आणि जाताना तसेच ठेवून गेले होते.

सुभाषभाऊ आणि आणखी तिघांनी खाटेसकट निशांतला उचलून आणले. तासाभरात ताप एकोणचाळीस सहावर आला. बेबीताईंनी देवाचे नाव घेतले. प्राचीने दर थोड्या वेळाने तापमापक लावला आणि आकडा मोठ्याने वाचला, जणू वाचल्याने तो तिथेच धरून ठेवता येणार होता. एकोणचाळीस पाच. एकोणचाळीस चार. मग निशांतला झटका आला, तो थांबला, पुन्हा आला. त्यानंतर तो शुद्धीवर आला नाही.

पाच वाजता वीज आली आणि देवरावांच्या खोलीतला पंखा आपोआप फिरू लागला. तेव्हा निशांतला जाऊन थोडा वेळ झाला होता. रुग्णवाहिका त्यानंतर आली. तिच्याबरोबरच्या डॉक्टरने सांगितले की तीन दिवस अंग इतके तापत राहिल्यावर मूत्रपिंडे आणि यकृत आधीच निकामी होत आलेली असतात. शेवटच्या दुपारची थंड खोली उशिराची होती. तापाच्या पहिल्या दिवशी मिळाली असती तर? प्राचीने विचारले. डॉक्टर तरुण होता. त्याने खरे उत्तर दिले.

देवराव अंत्यविधीला आले. आपल्या उखडलेल्या कडीकडे पाहिले आणि खांदा दिला.

काझी आले ते त्यानंतर दोन दिवसांनी. हे फोनवर सांगता आले असते. त्यांना ते तसे सांगायचे नव्हते. पंपघराच्या ओट्यावर प्राची होती, बेबीताई होत्या, आणि प्राचीने स्वतः जाऊन बोलावल्यामुळे देवरावही होते, जरा दूर बसलेले.

"नमुन्यात दोन गोष्टी सापडल्या," काझी म्हणाले. "एक बाभळीचा डिंक. दुसरी, कपड्यांना देतात ती नीळ. दोन्ही थोड्याच प्रमाणात. हे मुद्दाम बिघाड करणाऱ्याचं काम वाटत नाही. बिघाडच करायचा तर काजळी सोपी होती. हा डिंक नीट उकळून, गाळून घातलेला आहे. मला याचा अर्थ लागत नाही."

"डिंक न? तो मी घातला," बेबीताई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात काही उघडकीला आल्याचा भाव नव्हता. काझींना लागत नसलेला अर्थ त्यांनी सांगितला, एवढेच.

प्राची त्यांच्याकडे वळली. "आई, मी तुले विचारलं होतं. रंगात काही घातलं का म्हणून."

"रंगात कुठी काय घातलं बाई? डिंक आन् नीळ तर देतेतच. तुही आजी चुन्यात देत होती, मी देतो. दर दिवाळीले आपण देत नाही का? त्याशिवाय पांढरं चढते का कधी?" त्यांनी काझींकडे पाहिले. "साहेब, तुमचा तो पहिला हात वाळला तर बोटाले पांढरं लागून राहिलं होतं. पाऊस आला असता तर धुऊन गेलं असतं. सगळ्यांच्या घराले पुरन एवढा डिंक कुठून आणू? आपल्या पोराच्या डोक्यावरचं तरी टिकलं पाहिजे म्हणून आपल्यापुरता घरी उकळला आन् डबा वर जायच्या आधी त्यात सोडला. चांगलं पांढरंशुभ्र आलं. सगळ्यात पांढरं आमचंच आलं." मग त्यांना काही जाणवले असावे. "काहून? त्यानं काय होते?"

काझींनी प्राचीकडे पाहिले.

"सांगा," प्राची म्हणाली.

त्यांनी सांगितले. सोपे करून, पण काही न गाळता. बेबीताईंनी शेवटपर्यंत ऐकले.

"म्हणजे बाकीच्यांच्या घराले मी दिला नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून त्यांची घरं थंड राहिली?"

"हो," काझी म्हणाले.

देवरावांनी मान खाली घातली होती. प्राची त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला म्हणायचे होते ते तिला म्हणता आले नाही, आणि देवरावांनी ते मागितलेही नाही.

जे निश्चित झाले ते असे. शीतलेप ऊन परतवतो ते त्याच्या कणांमधल्या हवेच्या पोकळ्यांमुळे. डिंकाने त्या पोकळ्या भरल्या. अशा भरलेल्या थरातून डोळ्यांना दिसणारा प्रकाश बराचसा परततो, पण न दिसणारा अवरक्त प्रकाश आत शिरतो, आणि उन्हातली निम्मी उष्णता त्या प्रकाशात असते. त्यामुळे छप्पर तापले तरी पांढरे दिसत राहिले. निळीने उजेडातला थोडा पिवळा शोषला. पिवळा कमी झाला की माणसाच्या डोळ्याला पांढरा अधिक पांढरा वाटतो, आणि शोषलेला पिवळा उष्णता होऊन छपरातच राहतो. त्यामुळे सर्वांत तापलेला भाग सर्वांत पांढरा दिसला. दोन्ही पदार्थ बेबीताई झाडे यांनी मुलाचे छप्पर टिकावे म्हणून घातले, आणि विचारल्यावर नाही म्हणाल्या, कारण त्यांच्या लेखी ती भेसळ नव्हती, पांढरा रंग करण्याची रीत होती.

छप्पर तापण्याचे कारण हे आहे. निशांत झाडे याच्या मृत्यूचे कारण यापेक्षा वेगळे आहे. त्याच्या खोलीत चव्वेचाळीस अंश होते तेव्हा भिंतीपलीकडे सदतीस होते, आणि ती खोली त्याला तापाच्या पहिल्या दिवशीच देऊ केली होती. ती त्याला मिळाली नाही, कारण नमुन्याचा निकाल येण्यापूर्वीच दोषी माणूस ठरवला गेला होता.